कपाटातला पाऊस

आमच्या शाळेची तपासणी करायला एकदा शिक्षणाधिकारी आले. गाडीतून उतरले, पटांगणावर एक नजर फिरवली आणि म्हणाले, "वा, शाळा एकदम स्वच्छ आहे हं." मी मुख्याध्यापक. हात जोडून हसलो. साहेब काहीही बोलले की हात जोडून हसायचं, या एका गुणावर मी सत्तावीस वर्षं नोकरी काढली आहे. तेवढ्यात मागून वाघमारे बाईंचा आवाज आला, "कशावरून, साहेब?"

साहेब वळले. बाई अगदी शांत. "न्हाई, तुम्ही आत्ताच उतरलात. वर्ग पाहिले न्हाईत, संडास पाहिला न्हाई. म्हणून विचारलं."

मग साहेबांनी संडास पाहिला. पुढचं सांगत नाही. त्या वर्षी माझ्या अहवालात काय शेरा आला तेही सांगत नाही. संध्याकाळी मी बाईंना म्हणालो, "बाई, चांगलं म्हणत होते ना ते, म्हणू द्यायचं की." बाई म्हणाल्या, "सर, मी वाईट कुठं म्हटलं? विचारलं फक्त. उत्तर असंल तर देतील, नसंल तर ते बी कळंल." मी चहा मागवला.

लोहा तालुक्यातल्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. बाई नांदेडहून रोज एसटीनं यायच्या. उंच, सडसडीत, सुती साडी, खांद्याला शिंप्याकडून शिवून घेतलेली खाकी पिशवी. त्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी थर्मामीटर असायचा, मोजपट्टी असायची, एक होकायंत्र असायचं. भूगोल आणि विज्ञान शिकवायच्या. वडील नांदेडच्या गिरणीत कामाला होते. रविवारी मुलीला विहारात न्यायचे आणि परत येताना विचारायचे, आज काय ऐकलंस आणि त्यातलं तुला काय पटलं? नुसतं ऐकलेलं सांगितलं तर चालायचं नाही, पटलेलं का पटलं तेही सांगावं लागायचं. बाई म्हणायच्या, "सात वर्षाची होते मी. तिथून जी सवय लागली ती सुटलीच न्हाई."

ही सवय घरीदारी सारखीच चालायची. त्यांचे यजमान पोस्टात होते, लई सज्जन माणूस. एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो असताना मी म्हणालो, "वरण फार छान झालंय बाई." यजमानांनी घाईघाईनं माझा हात दाबला. उशीर झाला होता. बाईंनी विचारलं, "कशावरून? मीठ बरोबर आहे म्हणून, का शिजलंय म्हणून, का पाहुणा आहात म्हणून?" मी घास गिळला. यजमान मला हळूच म्हणाले, "मी लग्नानंतर दुसऱ्या महिन्यातच कौतुक सोडलं. आता नुसतं अजून वाढा म्हणतो. ते तिला पुरतं."

पण एक सांगतो. बाई दुसऱ्यांना विचारायच्या तशा स्वतःलाही विचारू द्यायच्या. शाळेच्या पटांगणात, लिंबाच्या झाडापासून चांगल्या पन्नास पावलांवर, त्यांनी पाऊस मोजायचं एक साधन बसवलं होतं. साधन म्हणजे काय, तर तेलाचा सरळ उभा पत्र्याचा डबा, तोंडाला काप मारून नीट केलेला, आत नरसाळं आणि बाजूला मोजायची काचेची नळी. रोज बसमधून उतरल्या की आधी तिथं. गुडघे टेकून नळी डोळ्यासमोर धरायच्या आणि वहीत लिहायच्या. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'हे मोजमाप सकाळी साडेआठला घ्यायला हवे. बस दहाला पोचते म्हणून दहाला घेतले आहे. रविवारचा पाऊस सोमवारी एकत्र मोजला आहे.' मी म्हटलं, "बाई, हे कशाला लिहिता? कोण विचारणार आहे?" तर म्हणाल्या, "कोणी विचारायच्या आधी लिहिलेलं बरं."

अशा या बाईंच्या शाळेत ऋतुवेध हवामान संशोधन प्रतिष्ठान, लातूर, हे आलं. म्हणजे मीच आणलं. खोटं कशाला बोलू?

शाळांना आजकाल प्रमाणपत्रांचा फार नाद लागलाय. तंबाखूमुक्त शाळा, हरित शाळा, हात धुणारी शाळा. आमच्या भिंतीवर दोनच प्रमाणपत्रं होती आणि शेजारच्या गावात नऊ. मला झोप लागत नव्हती. तेव्हा या प्रतिष्ठानाचं पत्र आलं की तुमच्या शाळेवर आम्ही फुकट स्वयंचलित हवामान केंद्र बसवू आणि 'हवामान-साक्षर शाळा' असं सोनेरी अक्षरातलं प्रमाणपत्र देऊ. मी त्याच दिवशी हो म्हणून कळवलं. शिवाय आदर्श मुख्याध्यापकाच्या पुरस्काराचा माझा अर्ज तयार होताच. त्यात एक रकाना रिकामा होता.

मार्च महिन्यात प्रतिष्ठानाचे संचालक डॉ. देशमाने स्वतः आले. चाळिशीचा माणूस, गोरागोमटा, भर उन्हात निळा कोट. स्टाफरूममध्ये बसले, लिंबू सरबत घेतलं, आणि डेटा हा शब्द इतक्या वेळा बोलले की आमच्या शिपायाला ते पाहुण्यांचं आडनाव वाटलं. बाई समोर बसून ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मला ती हालचाल ठाऊक होती.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही डॉक्टर म्हणजे कशातले?"

"संशोधनातले, मॅडम."

"हाव, पण कशाच्या?"

"हवामानाच्या. म्हणजे सगळंच येतं त्यात. हवा, पाणी, समाज."

"विद्यापीठ कोणतं?"

"आंतरराष्ट्रीय आहे."

"हाव, पण त्याला एखादं गाव तर असंल ना?"

मी मोठ्यानं खोकलो. बाईंनी उठून मला पाणी आणून दिलं, पुन्हा जागेवर बसल्या आणि पुढचा प्रश्न विचारला, "तुमच्याकडं शास्त्रज्ञ किती आहेत?" संचालक हसले. "मॅडम, आमच्याकडं माणसं कमी, तंत्रज्ञान जास्त." बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. संचालकांना वाटलं आवडलं म्हणून लिहिलं. खूश झाले.

मग ते केंद्र म्हणजे एक डबा बसला. पांढराशुभ्र, पावाच्या लादीएवढा, वर तीन वाट्या गरगर फिरणाऱ्या, आत हिरवा दिवा लुकलुकणारा. गच्चीवर चार बोल्टांनी पक्का केला. एक करारपत्र होतं: डबा हलवायचा नाही, उघडायचा नाही, हात लावायचा नाही, नाहीतर प्रमाणपत्र रद्द आणि जिल्हा परिषदेला कळवणार. मी सही ठोकली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता माझ्या फोनवर संदेश यायला लागला. शुभ सकाळ. आज आपल्या शाळेतील तापमान इतके, आर्द्रता इतकी, वारा अमुक दिशेने, पाऊस इतका. खाली आमच्या शाळेचं नाव. मी तो गावाच्या ग्रुपवर टाकायचो, नांदेडच्या साडूला टाकायचो, धर्माबादच्या मेव्हण्याला टाकायचो. मेव्हण्याला आमच्या गावच्या आर्द्रतेशी काय घेणंदेणं? पण टाकायचो.

मे महिन्यात शाळेची रंगरंगोटी निघाली. गच्चीही गळत होती, तिच्यावर डांबराचा थर द्यायचा होता. रंगारी बाबूमियाँ म्हणाला, "सर, ये डब्बा हटाना पडता." मी इकडं-तिकडं पाहिलं आणि म्हणालो, हटव. त्यानं बोल्ट काढले, मी डबा छातीशी धरून खाली आणला आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चार दिवसांत परत बसवू म्हणून. मग आली सुट्टी, त्यातच भाचीचं लग्न, आणि डबा माझ्या डोक्यातून साफ गेला. संदेश रोज येतच होता, मी रोज पुढं ढकलतच होतो, त्यामुळं डबा वर नाही ही गोष्ट आठवायला काही कारणच पडलं नाही.

शाळा उघडली. जूनमध्ये दोन-तीन सरी झाल्या. एके दिवशी साडेदहाच्या सुमारास बाई वही घेऊन ऑफिसात आल्या.

"सर, तुमच्या संदेशात आज एकतीस मिलिमीटर हाय. माझ्याकडं नऊ."

"बाई, तुमचा तेलाचा डबा. ते यंत्र आहे."

"म्हणूनच म्हटलं, माझी चूक असंल. मी माझं नरसाळं धुऊन पाहिलं, नळी बदलून पाहिली. मंग वाटलं, यंत्रात एखादं पान अडकलं असंल. म्हणून वर जाऊन आले." बाईंनी वही मिटली. "सर, यंत्र कुठं हाय?"

मी कपाटाकडं बोट केलं. बाईंनी कपाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"आणि हे वारं, हा पाऊस, कोण पाठवून राहिलं?"

आता दुसरी कोणी असती तर त्याच क्षणी गावभर बोंब मारली असती. बाई म्हणाल्या, "एकदम खोटं म्हणू नका. उपग्रहावरून घेत असतील. दुसऱ्या गावचं मोजून आपल्याला देत असतील. आपण विचारू." म्हणजे विचारायला लातूरला जायचं. मी नको म्हणत होतो, पण माझ्या नको म्हणण्याला आजवर कोणी किंमत दिली आहे? शनिवारची शाळा सुटल्यावर आम्ही लातूरची बस धरली.

गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत, भांड्याच्या दुकानावरच्या मजल्यावर प्रतिष्ठान होतं. एक खोली. भिंतीवर पृथ्वीचं मोठं चित्र. संचालक दौऱ्यावर होते. खुर्चीवर एक मुलगी बसून डब्यातले पोहे खात होती. सोनाली तिचं नाव, बी.कॉम. झालेली. आम्ही शाळेचं नाव सांगितल्यावर ती घाबरली नाही, उलट तिला आनंद झाला, कारण तिथं कधी कोणी यायचंच नाही. बाईंनी तिच्याशी दहा मिनिटं तिच्या गावच्या, घरच्या गोष्टी केल्या. मग विचारलं, "बाळा, आकडे कुठून येतात?"

"मीच टाकते की, मॅडम. सकाळी फोनवर हवामान बघते आणि भरते. दिवसभर मग कॉम्प्युटरच थोडं वर-खाली करत राहतो."

"मंग आमच्या शाळेत आणि शेजारच्या शाळेत वेगळे आकडे कसे?"

"थोडं कमी-जास्त करते मी. सगळ्यांना सारखाच आकडा दिला तर बरं दिसत न्हाई ना."

"आणि डबे?"

"डबे सुरुवातीला महिनाभर चालले, मॅडम. मग त्यांचं सिम बंद पडलं."

मी कपाळावर हात मारला. बाई मात्र तिला एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. पिशवीतून मोजपट्टी काढली, तिच्या रिकाम्या पोह्याच्या डब्यात पाणी ओतलं आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे नेमकं काय ते तिला समजावून सांगितलं. ती पोरगी डोळे मोठे करून बघत होती. आम्ही निघालो तेव्हा तिनं जिन्यापर्यंत येऊन बाईंचा हात धरला. "मॅडम, मी सांगितलं म्हणून सांगू नका. माझी पहिलीच नोकरी हाय. घरी माझ्या एकटीवर चालतं."

"न्हाई सांगणार," बाई म्हणाल्या.

बसमध्ये मी म्हणालो, "झालं, आता पुरावा मिळाला." बाई म्हणाल्या, "मिळाला कुठं? मी शब्द दिलाय. तिचं नाव घ्यायचं न्हाई." चाकूर गेल्यावर म्हणाल्या, "आता एकच पुरावा हाय. तो तुमच्या कपाटात हाय. चावी तुमच्याकडं. मी मागणार न्हाई, सर."

याचा अर्थ मला चांगला कळला. कपाट उघडायचं म्हणजे करार मोडल्याचं मी चारचौघांत कबूल करायचं. प्रमाणपत्र जाणार, पुरस्कार जाणार, वर चौकशी. मी लोह्याला घरी उतरेपर्यंत बाईंशी बोललो नाही. मनातून मला त्यांचा रागच आला होता. सरळ मागितली असती चावी तर नाही तरी म्हणता आलं असतं.

सोमवारी सकाळचा संदेश आला आणि माझी गाळण उडाली. 'आपल्या शाळेच्या केंद्रावर आजवर एकशे चार मिलिमीटर पाऊस. पेरणीयोग्य पाऊस झाला आहे. पेरणी सुरू करावी.' खाली शाळेचं नाव. शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं, आणि गाव त्या शंभराचीच वाट बघत होतं. बाईंच्या वहीत शेहेचाळीस होते. शेहेचाळिसावर सोयाबीन टाकलं आणि पावसानं ताण दिला की बी मातीतच मरतं. माझा स्वतःचा चार एकराचा तुकडा गावालगतच आहे, मला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. आणि त्या दुपारी शाळेतच पेरणी मेळावा होता. डॉ. देशमाने येणार होते. मीच बोलावलं होतं.

पटांगण भरलं होतं. संचालकांनी तोच निळा कोट घातला होता. त्यांनी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला. "मंडळी, हे तुमच्या शाळेचं केंद्र. आत्ता, या क्षणी. वारा वायव्येकडून, ताशी चौदा किलोमीटर. सकाळपासून पाऊस दोन पॉइंट चार."

बाई उठल्या. "साहेब, हे सगळं त्या डब्यातूनच येतं ना?"

"डब्यातूनच, मॅडम. डब्यातून उपग्रह, उपग्रहातून आमचं कार्यालय, तिथून तुमच्या हातात."

बाई खाली बसल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघितलं असतं तर कदाचित मी नजर चुकवली असती. समोर पिराजी बसला होता, सातवीतल्या पोराचा बाप, बियाण्याच्या पिशव्या घरात आणून ठेवलेला. त्यानं मला विचारलं, "मंग गुरुजी, टाकायचं का उद्या?" लोकांनी माझ्याकडं मान वळवली. मला काय झालं ठाऊक नाही. मी उठून उभा राहिलो.

"डबा वर न्हाई," मी म्हणालो. "मे महिन्यापासून माझ्या कपाटात हाय."

संचालक म्हणाले, सर मस्करी करतात. मग मी चावी काढली. सगळं पटांगण माझ्यामागं ऑफिसात घुसलं, जे घुसू शकले नाहीत ते खिडकीला लटकले. कुलूप उघडलं. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, फुटका तबला, झेंड्याची दोरी, आणि त्या दोरीत वाट्या गुंतलेला, आडवा पडलेला डबा. दिवा बंद. वरच्या बाजूला उंदरानं कागद कुरतडून घर केलं होतं. संचालकांच्या हातातला फोन अजून चालू होता आणि त्यावर वारा ताशी पंधरा झाला होता.

पिराजी पुढं झाला, डब्याकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, दार लावा. वायव्येचा वारा हाय, पोरांना सर्दी होईल."

मग जो हशा उठला तो दोन गल्ल्या पलीकडं ऐकू गेला असेल. संचालक लालबुंद झाले. माझ्यावर करारभंगाची तक्रार करणार म्हणाले आणि बाईंकडं वळले. "आणि मॅडम, तुमची स्वतःची पात्रता काय? तेलाच्या डब्यात पाऊस मोजता तुम्ही."

हसणं थांबलं. बाई म्हणाल्या, "डी.एड. आणि बी.ए. भूगोल, नांदेड. डबा तेलाचाच हाय. मोजण्यात माझी चूक होऊ शकती, वही समोर हाय, कोणीबी तपासावी. आणि म्हणूनच मी कोणाला पेरा म्हणत न्हाई की पेरू नका म्हणत न्हाई. आजवर शेहेचाळीस पडला, एवढंच सांगते."

संचालकांची गाडी गेली. मला वाटलं, इथं गोष्ट संपली आणि बाई जिंकल्या. तसं झालं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

बऱ्याच लोकांनी हात आखडता घेतला. मीही थांबलो. पिराजी मात्र दुसऱ्याच दिवशी तिफण घेऊन रानात. "डबा खोटा असंल गुरुजी, पण ढग खरे दिसून राहिले." चौथ्या दिवशी पाऊस सुरू झाला तो आठ दिवस हटला नाही. काळ्या रानात पाय रुतायला लागले. ज्यांनी आधी टाकलं होतं त्यांचं बी वर आलं. आम्ही थांबलेले बांधावर छत्री धरून उभे. आमची पेरणी लांबली, आणि हंगामाच्या अखेरीस पावसानं ओढ दिली तेव्हा आमच्या शेंगा भरायच्या राहिल्या. पिराजीचं पीक गावात पहिलं. माझी बायको म्हणाली, "ते कपाट पुन्हा उघडू नका आता. चांगलं चाललं होतं त्याचं."

गाव बाईंना सोडतंय होय? बसमधून उतरल्या की चावडीवरून कोणीतरी विचारायचं, "बाई, कपाटात किती पडला आज?" बाई मान हलवून पुढं जायच्या. पण दसऱ्याच्या सुमारास त्या सरळ पिराजीच्या खळ्यावर गेल्या. एकरी किती झालं, विचारलं. मग माझ्याकडं येऊन विचारलं. मग आणखी सात-आठ घरं फिरल्या. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर, रोजचा सुविचार असतो तिथं, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: 'या वर्षी आमच्या गावात आधी पेरलेल्यांचे पीक जास्त आले. शाळेचा आकडा ऐकून थांबलेल्यांचे कमी आले.'

मी हादरलो. "बाई, आपल्याच विरुद्ध कशाला लिहिता?"

"झालंय तसं लिहिलं, सर."

"पण खोटं तो बोलला, खरं तुम्ही."

बाई खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. "त्या आठ दिवसांत मला झोप आली न्हाई, सर. घरी खिडकीशी बसून पाऊस ऐकायची आणि वाटायचं, माझ्यामुळं लोकांच्या ताटातलं गेलं. तुमच्यासुद्धा. इतकी वर्षं पोरांना सांगत आले, खरं बोला, खऱ्याचं भलं होतं. आता तसं न्हाई शिकवता येणार. नुसतं खरं बोला, इतकंच सांगायला लागंल."

मला फार वाईट वाटलं. माझं चार एकरातलं गेलेलं पीक मी तेव्हाच त्यांना माफ केलं, तोंडानं मात्र म्हणालो नाही. चहा मागवला.

मार्चअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी म्हणालो, बाई अत्यंत विद्यार्थिप्रिय शिक्षिका होत्या. पहिल्या रांगेतून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं पान सोडून दिलं आणि भाषण आटोपलं. पुरस्कार अर्थातच शेजारच्या गावच्या मुख्याध्यापकाला मिळाला. ऋतुवेध बंद पडलं असं वाटत असेल तर तसंही नाही. पुढच्या मे महिन्यात त्यांनी आमच्याच ग्रामपंचायतीवर नवा डबा बसवला, उद्घाटनाला पेढे वाटले आणि रोज सकाळी सात वाजता संदेश सुरू केला.

जून आला. पहिला बरा पाऊस शनिवारी रात्री झाला. रविवारी सकाळी साडेआठला मी लोह्याहून मोटारसायकलवर शाळेत पोचलो, मोजायला. का गेलो म्हणाल तर घरी चैन पडेना. फाटकाशी पिराजी उभा होता.

"किती पडला, गुरुजी?"

"पंचायतीच्या डब्याचा संदेश आला की तुझ्या फोनवर. आणि असल्याच संदेशाप्रमाणं पेरून तर तुझं पीक आलं गेल्या साली."

"आलं की. पण डबा तवा कपाटात होता, ते मीच बघितलंय ना डोळ्यानं. नशिबानं आलं ते. दरवेळी नशीब कुठून आणू? तुम्ही मोजा."

मी नळीत पाणी ओतलं. माझं वजन आणि माझे गुडघे लक्षात घेऊन उभ्या-उभ्याच वरून बघितलं. "सव्वीस," म्हणालो.

"वरून बघितलं तर जास्तच दिसतंय, सर."

मी वळलो. फाटकात वाघमारे बाई. तीच खाकी पिशवी, हातात मिटलेली छत्री, चपला चिखलानं भरलेल्या. "बाई, तुम्ही इकडं कशा?"

"लोह्याला तहसीलमध्ये काम होतं. म्हटलं जाता-जाता यावं."

"बाई, आज रविवार आहे."

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच खोटं बोलताना पाहिलं, आणि तेही त्यांना धड जमलं नाही. गावची बस दहाला येते म्हणून निवृत्त बाई पहाटेच्या बसनं लोह्यापर्यंत आणि पुढं जीपनं एवढ्या लांब आली होती, का, तर हा माणूस सुट्टीच्या दिवशी मोजतो की नाही ते बघायला. मला एकदम राग आला आणि त्याच वेळी डोळ्यात पाणीही आलं. ते दिसू नये म्हणून मी वही शोधायचं नाटक केलं. वही माझ्या काखेतच होती.

बाई आल्या, छत्री पिराजीकडं दिली, साडी सावरून चिखलात गुडघे टेकले आणि नळी डोळ्यासमोर धरली. "पंचवीस पॉइंट चार," म्हणाल्या. मग उठल्या, गुडघ्याचा चिखल झटकला आणि वही मागितलीसुद्धा नाही. "लिहा तुम्ही," एवढंच म्हणाल्या. चहा घ्या म्हटलं तर न्हाई म्हणाल्या, जीप उभी हाय, पुढची दुपारी हाय. छत्री घेतली आणि गेल्या. फाटकाबाहेर जीपमधल्या दोन बायका त्यांना बसायला जागा करून देताना दिसल्या. जीप वळणाआड गेली.

मी सव्वीस खोडून पंचवीस पॉइंट चार लिहिलं. पिराजी वहीत डोकावून बघत होता.

"मंग गुरुजी, पेरायचं का?"

"ते मला ठाऊक न्हाई, पिराजी," मी म्हणालो. "पंचवीस पॉइंट चार पडलाय."